ज्ञानदेव आबांचा भोपळा

शिरूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या बन्यामीन सरांना पोरं पाठीमागं 'षटकोन' म्हणत. हे सरांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मानवी भूगोलात मध्यवर्ती स्थानांचा म्हणून एक सिद्धांत आहे. तो सर असा शिकवत की शेवटच्या बाकावरचाही जागा राहावा. "मीठमिरची गावातच मिळते. मोबाईल दुरुस्तीला शिक्रापूर गाठावं लागतं. लग्नाचा बस्ता मात्र शिरूरला. का? कारण जेवढं दुकान मोठं, तेवढं त्याला गिऱ्हाईक जास्त लागतं. किमान गिऱ्हाईक मिळालं नाही, की दुकान बंद." मग फळ्यावर एकेका गावाभोवती मधाच्या पोळ्यासारखे सहा बाजूंचे कप्पे पडत आणि अख्खा तालुका त्यात गुमान बसे. माणूस हुशार, यात वाद नाही. फक्त जे फळ्यावर बसलं ते जमिनीवरही बसलंच, असं त्यांना वाटे. बायको जस्मिन म्हणायची, "ह्यांना भाजीला पाठवलं तर हे आधी बाजाराचा नकाशा काढतील."

केंदूरजवळच्या एका वस्तीवर ख्रिस्ती मंडळीचं छोटं प्रार्थना मंदिर होतं. पत्रे गळत होते. वस्तीवरची तरुण पोरं कंपन्यांपायी शिक्रापूरला खोल्या घेऊन राहिली होती, आणि रविवारी बाकं रिकामीच दिसायची. हे मंदिर ठेवायचं की बंद करायचं, असा प्रश्न मंडळीच्या कमिटीपुढं आला. कमिटीत भूगोल शिकलेला माणूस एकच. सरांनी शिरूरच्या घरी टेबलाशी बसून रंगीत नकाशा काढला, त्यात षटकोन आखले आणि बैठकीत भिंतीवर लावला. "किमान लोक उरलेले नाहीत," ते म्हणाले. "शिक्रापूरचा हॉल मोठा आहे, जवळही आहे. माणसं आपोआप तिकडं येतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मंदिराला कुलूप लागलं, आणि किल्ली नि नकाशा दोन्ही सरांच्या घरी आले.

त्या मंदिराचं दार वर्षानुवर्षं उघडायची ती सरांची सख्खी आत्या, एस्थरबाई. आई गेल्यावर सरांना तिनंच वाढवलं, त्याच वस्तीवर. निदान तिला सांगायला तरी जायला हवं होतं. सर गेले नाहीत, त्यांनी फोन केला. आत्या एवढंच म्हणाली, "बरं. शिकल्याल्याला जास्त कळतं." सरांना हे कौतुक वाटलं. आता काय बोलावं अशा माणसाला!

पुढं कापणीचा सण आला. या सणाला शेतातलं पहिलं पीक देवापुढं ठेवतात, प्रार्थना होते आणि मग त्याच वस्तूंचा लिलाव होतो. यंदा सण अर्थातच शिक्रापूरला. हॉल भरला होता, खालच्या रस्त्यावरून ट्रकांचे हॉर्न वर येत होते. एस्थर आत्या वडापच्या जीपनं एकटीच आली. तिच्याजवळ बाजरीच्या कणसांची पेंढी होती, पाय बांधलेली कोंबडी होती आणि भलाथोरला लाल भोपळा होता. सरांनी दारातच विचारलं, "आत्या, वस्तीवरचे बाकीचे कुठं आहेत?"

"ते न्हाई येत," आत्या म्हणाली. "म्हणले, तिथं आमाला कोण वळखतंय? तूच घिऊन जा."

लिलाव पुकारायला टोनी उभा राहिला. तो कंपनीत सुपरवायझर, आवाज खणखणीत. केकची, बिस्किटांच्या पुड्यांची बोली झटक्यात लागली. मग त्यानं कोंबडी उचलली. कुणी बोलेना. "अहो, दहा बाय दहाची खोली, तिच्यात कोंबडी कुठं ठेवू?" एक बाई म्हणाली आणि हॉल हसला. बाजरीचंही तेच झालं. भोपळा तर टोनीनं वर उचलला नि पुन्हा खाली ठेवला.

सरांना आत्याकडं बघवेना. त्यांनी हात वर केला. "हे सगळं मी घेतो."

आत्या जागेवरूनच म्हणाली, "तुला न्हाई मिळायचं. भोपळा ज्ञानदेव आबांचा हाय, बुद्धवाड्यातल्या. बाजरी धुरपदाबाईची. आन् कोंबडी ताईबाईची. आबांचा भोपळा धुरपदाबाईच्या घरी जातो, तिची बाजरी ताईबाईकडं. दरसाल असंच चालतं. तू इसरला व्हय?"

विसरले होते खरे. लहानपणी याच लिलावात आबांच्या खांद्यावर बसून त्यांनी बोली लावली होती. त्या दिवशी मंदिराच्या अंगणात अख्खी वस्ती असायची. कुणी कुठल्या देवाचं आहे हे कुणी विचारत नसे. रीत एकच: आपण आणलेलं आपण घ्यायचं नाही, दुसऱ्याचं घरी न्यायचं. आणि नकाशा काढताना सरांनी मंडळीत नाव असलेली तेवढी माणसं धरली. बाकीच्यांसाठी कप्पाच नव्हता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"चल," आत्या म्हणाली, "ज्याचं त्याला परत देऊन येऊ."

देवाला वाहिलेलं परत आणल्याचं त्या वस्तीत कुणी ऐकलं नव्हतं. सरांची गाडी वस्तीवर थांबली तेव्हा ज्ञानदेव आबा प्रार्थना मंदिरासमोरच्या समाजमंदिराच्या ओट्यावर बसले होते. सरांच्या हातातल्या भोपळ्याकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काय मास्तर," ते म्हणाले, "नापास झाला व्हय आमचा भोपळा?"

आबांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना सोसला असता. भोपळा हातात धरून ते नुसते उभे राहिले, मान खाली घालून.

आत्यानंच काय झालं ते सांगितलं. आबा उठले. "मंग हितंच करू की लिलाव. त्यात काय?" त्यांनी हाळी दिली. धुरपदाबाई आली, कमरेला पदर खोचून ताईबाई आली, कडेवर लेकरं घेतलेल्या सुना आल्या, पारावरचे म्हातारे आले. बघता बघता प्रार्थना मंदिराचं अंगण भरलं. सरांची नजर सवयीनं माणसं मोजायला लागली, आणि मग त्यांनी ती मोजणी अर्ध्यावरच सोडली.

"आधी देवापुढं ठिवायचं, मग लिलाव," आत्या म्हणाली. तिनं भोपळा सरांच्या हातातून घेतला आणि मंदिराच्या पायरीवर चढली. मागं वळून म्हणाली, "बन्यामीन, दार उघड."

सगळी वस्ती सरांकडं बघत होती. त्यांनी खिसा चाचपला, उगाचच. किल्ली शिरूरला होती, घरच्या भिंतीवर, नकाशाशेजारच्या खिळ्याला अडकवलेली.