ओरखड्यांची फोटोवाली

कारखान्यात तिला सगळे फोटोवाली म्हणत. तिथे मोबाइलची मागची झाकणं तयार होत, आणि त्यांतली जी बिघडत त्यांचे फोटो काढणं हे तिचं अकरा वर्षांचं काम. ओरखडा, बुडबुडा, रंगाचा ओघळ. प्रत्येकाचा जवळून एक फोटो, खाली नंबर, की झाली रवानगी साहेबांकडे. साहेब ओरखडा बघायचे. फोटो कुणीच बघत नसे.

नवरा बसवर कंडक्टर. त्याला येऊ घातलेल्या मोबाइलांच्या बातम्यांचं भारी वेड. कामावरून आला की पाय पसरून एका साइटवरच्या चर्चा वाचत बसायचा.

"या वेळी मागे कॅमेऱ्याची तीन भिंगं देणार म्हणे. आतल्या गोटातली बातमी आहे."

भिंगं दोनच होती. दिवसभर तिने तीच झाकणं हाताळली होती. पण बाहेर चकार शब्द काढायचा नाही असं लिहून दिलेलं, म्हणून ती "हो का" म्हणायची आणि भाजी चिरत राहायची. तिने आपल्या जुन्या कॅमेऱ्यातले फोटो पुढे केले, तर मान वर न करता तो म्हणायचा, "छान."

एका दुपारी खोलीतली ट्यूबलाइट गेली, म्हणून ती एक झाकण घेऊन खिडकीशी गेली. निळसर काळ्या पाठीवर तिरका उजेड पडला आणि काठावरून पाण्यासारखा वळला. तिने बटण दाबलं. फोटो असा उतरला की ती स्वतःच बघत राहिली.

संध्याकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड त्याच खोलीतलं कपाट सांभाळणाऱ्या काकांकडे द्यायचं, त्यांनी तपासून वहीत सही करायची, असा नियम. तिने रिकामं कार्ड दिलं. काकांनी न बघताच सही केली. खरं कार्ड चष्म्याच्या घरातून तिच्या घरी पोचलं. तिने खोट्या नावाने तो फोटो त्या साइटवर टाकला आणि सकाळी गुपचूप कार्डांची अदलाबदल केली.

त्या संध्याकाळी नवऱ्याने हाक मारली. "इकडे ये आधी. भिंगं दोनच निघाली. पण ते राहू दे, फोटो बघ. काय उजेड पकडलाय! कुणीतरी कलाकार आहे हा."

त्याच्या खांद्यावरून ती शेरे वाचत राहिली. काहींच्या मते फोटो बनावट होता, पण बाकीचे त्या उजेडावर फिदा होते. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

तिसऱ्या दिवशी साहेब दोन अनोळखी माणसांना घेऊन खोलीत आले. फोटोच्या कोपऱ्यात हिरव्या रबरी चटईची कड आली होती. तशी चटई याच खोलीत होती, आणि या खोलीत माणसं दोनच.

"हिला सोडा," साहेब म्हणाले. "ही फक्त ओरखड्यांचे फोटो काढते. हिच्याने असलं काही व्हायचं नाही."

तिला हायसं वाटलं, आणि ते बोलणं झोंबलंही. ते काकांना घेऊन गेले. किल्ली त्यांच्याकडे, वहीत सही त्यांची. निवृत्तीला सात महिने उरलेल्या माणसाला त्यांनी घरी बसवलं.

चार दिवस तिला घास गिळवेना. पाचव्या दिवशी नवरा म्हणाला, "तो फोटो फोडणारा सापडला म्हणे. नोकरी जाणार त्याची. मजा आहे."

"कसली मजा?" तिचा आवाज असा चिरकला की त्याने मोबाइल खाली ठेवला. "तो फोटो माझा आहे."

तो आधी हसला. मग तिच्याकडे बघून त्याचं हसू विरलं. "गप्प राहा. त्यांच्याकडे पुरावा नाही."

"काकांनी न बघता सही केली. कार्ड मी दिलं म्हणून."

सकाळी ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"कुणाला विकलास?" अनोळखी माणसांपैकी एकाने विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग कशासाठी?"

"फोटो चांगला आला होता."

त्याने लिहिता लिहिता मान वर केली. त्याला ते पटलं नव्हतं. गाजावाजा नको म्हणून कारखान्याने फिर्याद केली नाही, पण दुपारच्या आत तिचं ओळखपत्र काढून घेतलं.

तिथून ती थेट काकांकडे गेली. त्यांनी दार उघडलं, आत ये म्हणाले नाहीत.

"माझं चुकलं, काका."

"चुकलंच. माझी सून माझ्याशी जपून बोलायला लागली होती. चोराशी बोलतात तशी." त्यांनी हात दारावरच ठेवला होता. "चौकशीत त्यांनी फोटो दाखवला, तेव्हाच मी ओळखलं. तुझाच हात."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू सांगतेस का बघत होतो. पाच दिवस लावलेस."

त्यांनी दार लोटून घेतलं.

काका पुन्हा कामावर रुजू झाले. तिला पुढे एका दातांच्या दवाखान्यात दातांचे फोटो काढायचं काम मिळालं. मोबाइल बाजारात आला तेव्हा साइटवरची मंडळी त्याच्या पुढच्या मोबाइलवर वाद घालत होती. नवऱ्याने ते वाचणं सोडलं नाही, पण मोठ्याने वाचणं बंद केलं. काकांच्या निरोप समारंभाचं बोलावणं तिला आलं नाही. तिनेही कुणाकडे विचारलं नाही.