रामदासपेठेतली तोंडी परीक्षा

वर्धा सोडल्यावर खिडकीबाहेर धुकं होतं आणि धुक्यात कपाशीची शेतं. वेचणी उरकलेल्या झाडांवर कुठेकुठे कापूस राहून गेला होता. मी अर्धवट झोपेत होतो. गाडी पुढे चालली आहे की शेतंच मागे सरकताहेत हे कळत नव्हतं, आणि कळून घ्यावंसंही वाटत नव्हतं. नगरहून आदल्या संध्याकाळी बसलो होतो. नागपूर आलं तेव्हा ऊन नुकतंच पडायला लागलं होतं, आणि फलाटावरची माणसं त्या पिवळ्या उजेडात अगदी सावकाश चालली होती.

घाई मला एकट्यालाच होती. सत्तावन्नाव्या वर्षी, शाळेतून मुदतीआधी निवृत्त होऊन, मी ख्रिस्ती विश्वाससमर्थनाची पदव्युत्तर पदवी करत होतो. विश्वाससमर्थन म्हणजे आपल्या श्रद्धेवर कोणी प्रश्न उभा केला तर तिची बाजू नीट मांडण्याचं शास्त्र. मंडळीतल्या (आमच्या चर्चमधल्या) लोकांना वाटलं, मास्तरांना देवाचं बोलावणं आलं. खरं कारण वेगळंच होतं. माझा एकुलता एक मुलगा अमोल, त्याची आई गेल्यावर म्हणाला होता की त्याचा आता विश्वास उरला नाही. का, ते त्याने सांगितलं नाही. नागपुरात नोकरी धरली आणि तीन वर्षांत घरी फिरकला नाही. मी पडलो जन्माचा वाद घालणारा. वाटलं, चांगली उत्तरं शिकून घेऊ, म्हणजे पोरगा परत येईल. दोन वर्षं टपालाने अभ्यास झाला होता. आता शेवटचे दहा दिवस नागपुरात वर्ग आणि मग तोंडी परीक्षा.

राहायची सोय प्रताप नगरात शोभाताईंकडे होती. त्या निवृत्त नर्स, एकट्याच राहणाऱ्या. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन साली इथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. दार उघडून त्या "जय भीम" म्हणाल्या, मी आमच्या रीतीप्रमाणे "सलाम" म्हणालो, आणि दोघेही हसलो. हातपाय धुतो न धुतो तोच समोर पोह्यांची बशी आली, वर तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) ओतलेली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून त्यांनी आणखी एक पळी वाढली.

पुढचे दिवस कसे गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. रामदासपेठेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचे वर्ग भरत. दुपारी खिडकीतून ऊन आत येई आणि बाकावरून हळूहळू सरकत फळ्यापर्यंत जाई. खाली हातगाडीवर संत्र्यांचे ढीग असत, त्यांचा वास वर येत राही. एकदा परत येताना मी चुकीच्या बाजूच्या मेट्रोत बसलो. चूक लक्षात आली तरी उतरलो नाही. झाडांचे शेंडे, गच्च्या, गच्च्यांवर वाळत घातलेल्या साड्या, सगळं पायाखालून वाहत होतं. शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो आणि त्याच गाडीने परत आलो. अमोल ह्याच शहरात, मनीषनगरात राहतो, एवढंच मनात होतं. त्याला फोन करायचं धाडस होत नव्हतं.

परीक्षेची एक रीत होती. आमच्या प्राचार्यबाईंनी ती पाडली होती आणि त्या तिच्यात तसूभरही सूट देत नसत. परीक्षार्थीने एक प्रतिपक्ष सोबत आणायचा, म्हणजे श्रद्धा न मानणारं एक खरं, जिवंत माणूस. आधी त्याचा प्रश्न आपण आपल्या तोंडाने मांडायचा. ऐकून त्या माणसाने होकाराची मान हलवली तरच उत्तर द्यायची परवानगी. दोनदा मांडायची मुभा. दोन्ही वेळा मान हलली नाही तर तिथेच नापास. बाई म्हणत, ज्याचा प्रश्नच आपण ऐकला नाही त्याला उत्तर देणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

मी मनाशी शोभाताईंना नेमून टाकलं होतं. परीक्षेच्या दोन दिवस आधी जेवताना त्यांच्यासमोर तालीम केली. देव असेल तर जगात दुःख का, असं तुमचं म्हणणं आहे, हे मी उदाहरणं देऊन रंगवून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान काही हलवली नाही. त्यांच्या लेखी दुःख आहे हे धरूनच चालायचं होतं. ते कोणी दिलं यापेक्षा समोरचं माणूस कण्हतंय त्याचं काय करायचं, हा त्यांचा प्रश्न. आयुष्यभर त्यांनी तेच काम केलं होतं.

"तुम्ही सांगून राहिले ते पुस्तकातलं आहे, भाऊ. माहं नाही," त्या म्हणाल्या. मग भात वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचा पोरगा इथंच मनीषनगरात राहते, तुम्हीच सांगतलं होतं. मंग मले काहून नेऊन राहिले? ज्याच्याशी बोलाचं आहे त्याले न्या."

मी मान खाली घालून भात कालवायला लागलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मनीषनगरला दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. नव्या इमारती, अर्ध्यांवर बांबूंच्या परांच्या अजून बांधलेल्या, मधल्या मोकळ्या जागेत गाई उन्हाला बसलेल्या. अमोलने दार उघडलं. वजन उतरलं होतं, दाढी वाढवली होती, आणि दाढीत तो हुबेहूब माझ्या वडिलांसारखा दिसत होता. त्याने चहा केला. मी परीक्षेची रीत सांगितली आणि येशील का म्हणून विचारलं. तुझा प्रश्न काय आहे हेही सांग, म्हणालो.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "येतो. पण प्रश्न तुम्हीच सांगा, पप्पा."

परीक्षेच्या खोलीत पांढरा पडदा होता आणि वाऱ्याने तो आतबाहेर होत होता. बाई टेबलापाशी, अमोल खिडकीशी, मी मधल्या खुर्चीत. मी सुरुवात केली. आई बरी व्हावी म्हणून सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, ती ऐकली गेली नाही, तर ऐकणारा कोणी आहे हे कशावरून, असा ह्याचा प्रश्न आहे, असं मी मांडलं. कुठेही अडखळलो नाही. शाळेत तीस वर्षं बोलण्याचाच धंदा केलेला.

अमोलने नाही म्हणून मान हलवली.

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. म्हणाल्या, आणखी एकदाच. मी पाणी प्यायलो. पडदा आत आला, बाहेर गेला, आणि मला नगरचं हॉस्पिटल दिसायला लागलं. माझी बायको मीना उशीला टेकून बसलेली. मंडळीतल्या बाया गीतं म्हणत होत्या. मीनाने माझं मनगट धरलं आणि "अहो, मला ना..." एवढंच म्हणाली. मी लगेच स्तोत्र वाचायला घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सुरुवात केली आणि मी पुन्हा वाचायला लागलो, जरा मोठ्याने. तिसऱ्या दिवशी ती काही म्हणालीच नाही. अमोल तिन्ही दिवस पलंगाच्या पायथ्याशी उभा होता.

माझा आवाज मलाच लांबून ऐकू आल्यासारखा वाटला.

"ह्याच्या आईला मरणाची भीती वाटत होती. तिला ते बोलायचं होतं आणि मी बोलू दिलं नाही. ती घाबरली तर लोकांत माझ्या विश्वासाचं काय होईल, ह्याची मला काळजी. जो विश्वास घाबरलेल्या बाईला साधं बोलूही देत नाही तो मी कशाला धरू, असं हा विचारतोय."

अमोलने मान हलवली. एकदाच. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आता उत्तर, असं बाई म्हणाल्या. दुःखाबद्दलची सगळी उत्तरं मला पाठ होती, लेखकांच्या नावांसकट. त्यातलं एकही तोंडातून निघेना. आज माझ्याकडे उत्तर नाही, असं सांगितलं. बाईंनी थोडं लिहिलं आणि म्हणाल्या की उत्तर महिनाभरात लेखी पाठवा, तोवर निकाल राखून ठेवते.

बाहेर आलो तर दुपार कलली होती. अमोल मला एका लहानशा खानावळीत घेऊन गेला आणि न विचारता पाटोडी (बेसनाच्या वड्या तिखट रश्श्यात) मागवली. आम्ही परीक्षेबद्दल बोललो नाही. त्याच्या कामाबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल बोललो. हात धुतल्यावर, रुमालाला पुसत, तो म्हणाला, "ईस्टरला येतो नगरला. चर्चमध्ये नाही येणार. आईच्या कबरीवर येईन. पण तिथं तुम्ही काही म्हणायचं नाही, नुसतं उभं राहायचं."

मी बरं म्हणालो. इतकं कमी मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो.

निघताना शोभाताईंनी विचारलं, पास का नापास. माहीत नाही म्हणालो. पोरगा जेवला का, हे त्यांनी नंतर विचारलं. जेवला म्हटल्यावर त्या समाधानाने दार लावायला वळल्या.

संध्याकाळच्या गाडीत खिडकी मिळाली. उजेड अजून होता, आणि शेतांवर पुन्हा धुक्याचा पातळ थर उतरत होता. समोरचं कुटुंब डबे उघडण्याच्या गडबडीत होतं. दोन वर्षं मी शिकलो ते श्रद्धेला वाचवायचं कसं हे. पण तिच्यावर घाला कोणी घातलाच नव्हता. मीच तिला ढाल करून मीनासमोर धरली होती, भीती मलाही वाटत होती म्हणून. देव आहे असं मी आजही मानतो. मात्र त्याच्या वतीने मोठ्याने वाचायचं आता मला जमेल असं वाटत नाही.

बाईंना द्यायचं उत्तर सुरू करावं म्हणून मांडीवर कागद घेतला. गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं. पहिलं वाक्य चार वेळा खोडलं. शेवटी जे राहिलं ते असं: मीना घाबरली होती, आणि ते मला माहीत होतं.