बाजार दोन वाजता भरतो

"रात्री" हा शब्द तिने उच्चारलाच नव्हता. तो मी घातला. आठवलं की अजूनही हातातलं काम अर्धं टाकून मी उगाच या खोलीतून त्या खोलीत जाते.

तेव्हा मी कुवेतमध्ये अबू हलीफाला एका मराठी इंजिनियरच्या घरी स्वयंपाकाला होते. वहिनी शाळेत शिकवायच्या, मुलगी अकरावीत होती. समोरच्या फ्लॅटमध्ये एका अरब कुटुंबाकडे इथिओपियाची बाई कामाला होती. दुपारी तिची मॅडम झोपली की ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. आमची दोघींची भाषा म्हणजे कामवाल्या बायकांची मोडकी अरबी, बोलणं कमी आणि हातवारे जास्त. ती मला उख्ती म्हणायची, म्हणजे बहीण. मी तिला आमच्या कोकणातल्यासारखी बाय म्हणायचे. नऊ वर्षं ती तिथे होती. मधे एकदाच घरी जाऊन आलेली. चार वर्षांची सोडलेली तिची मुलगी आता तेरा वर्षांची झाली होती, आणि बाय आता कायमची परत जाणार होती. तिकीटही आलं होतं.

इंजिनियरची मुलगी इंटरनेटवरच्या एका कोशात लिहायची. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, जगात कुणीही वाचावं, असा तो कोश. एका दुपारी तिने बायला गावाचं नाव विचारलं आणि कॉम्प्युटरवर शोधलं.

"मावशी, इकडे ये, हे बघ. फ्रान्समधल्या एका पुलावर चार पानं आहेत. हिच्या अख्ख्या गावावर दीड ओळ."

"दीड ओळीत काय आहे?"

"नाव, आणि समुद्रापासूनची उंची."

मी ते बायला सांगितलं. ती म्हणाली, "उंची कुणी मोजली? रोज चढतो आम्ही. आम्हाला तर कुणी विचारलं नाही."

मुलगी म्हणाली, आफ्रिकेबद्दल या कोशात आधीच कमी आहे, आणि जे आहे ते बहुतेक बाहेरच्यांनी लिहिलेलं. "तिकडे वीज नसेल ना, म्हणून ते लिहीत नसतील."

तेही मी सांगितलं.

"वीज आहे," बाय म्हणाली. "वेळ नाही. आमचा वेळ इथे तुमची भांडी घासतोय."

मी हे शेवटचं सांगू की नको असं करत होते, पण मुलीने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. लाल झाली. सॉरी म्हणाली आणि वही घेऊन आली.

तीन दुपारी आम्ही बसलो. बाय अरबीत सांगायची, मी मराठीत सांगायचे, मुलगी इंग्रजीत लिहायची. कॉफीच्या बिया कशा भाजतात, देवळात कुठल्या दिवशी काय असतं, विहीर कुणी खणली. चौथीपर्यंत शिकलेली मी दोन भाषांच्या मधे बसले होते आणि एकदाही म्हटलं नाही की मला नीट कळलं नाही. ते म्हणायला तोंड उघडावं लागतं. माझं ते उघडत नाही, आधीपासून नाही.

बाजाराचं निघालं तेव्हा ती म्हणाली, "सुक, मंगळवार. साआ थिन्तेन." बाजार, मंगळवारी, दोन वाजता. मला दिसली आमच्याकडची माणसं, डोक्यावर पाट्या घेऊन अंधारातच निघणारी. भर दुपारी कोण भाजी मांडतो? मी म्हटलं, "बाजार रात्री दोनला भरतो." मुलीने लिहिलं.

पान झळकलं. बायने शुक्रवारी घरी फोन केला आणि आपल्या मुलीला सांगितलं, तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरचं दुकान आहे ना, तिथे जा, आपलं गाव जगाला दिसतंय, ते मी सांगितलंय. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात जाते.

चार दिवसांनी इंजिनियरची मुलगी पाय आपटत स्वयंपाकघरात आली. पानावर कुणीतरी पाटी लावली होती. डोंगरातल्या खेड्यात रात्री दोनला बाजार कसा भरेल? पुरावा द्या, नाहीतर पान काढून टाकू.

"बघ, आफ्रिकेचं काही लिहिलं की लगेच पुरावा! त्या पुलाचा मागितला का कुणी? मी पण सोडलं नाही. तिथल्या बाईने स्वतः सांगितलंय म्हटलं."

मी मान हलवली. पण त्या रात्रीपासून मला चैन पडेना. तिने रात्र म्हटलं होतं का? पोळ्या करपल्या. वहिनी म्हणाल्या, "बरं नाही का तुम्हाला?" मी बरं आहे म्हटलं. बाय आली की विचारू म्हणायचे आणि ती आली की लसूण सोलत बसायचे.

मग एकदा तिने हात धुताना मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. त्यात साडेआठ झाले होते. भिंतीवरच्या घड्याळात अडीच. घड्याळ चुकीचं आहे हे मला तीन वर्षं माहीत होतं. गरिबाचं घड्याळ, कशाला बोलायचं, म्हणून कधी बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र दिसलं की मिनिटकाटा दोन्हींत एकाच जागी आहे. बिघडलेलं घड्याळ मिनिटं कशी बरोबर दाखवेल?

"बाय, हे असं का?"

"असं का म्हणजे? हे घरचं आहे. सूर्य उगवला की आमचे तास मोजायला सुरुवात. उगवून दोन तास झाले की दोन वाजले."

"मग बाजार दोनला..."

"सकाळी. तुमचे आठ."

मी सुरी खाली ठेवली. "मी रात्री सांगितलं. तसंच लिहिलंय."

तिला आधी हसू आलं. "रात्री? रात्री आमच्या बाजारात तरस फिरतात, उख्ती!" मग हसू गेलं. "माझी मुलगी वाचणार आहे ते. म्हणेल, आई गाव विसरली. का नाही विचारलंस मला?"

"लाज वाटली."

"माझा नवरा का सोडून गेला ते विचारताना नाही वाटली?"

ओले हात तसेच घेऊन मी मुलीच्या खोलीच्या दाराशी गेले. आजवर त्या दारातून मी फक्त चहा आत दिला होता. म्हटलं, "रात्र तिची नाही. माझी आहे." आणि सगळं सांगितलं.

"मावशी!" ती डोकं धरून बसली. "अगं, मी त्या माणसाला रेसिस्ट म्हटलंय!"

संध्याकाळभर ती शोधत होती. इथिओपियाची तास मोजायची रीत एका पुस्तकात आहे हे तिला सापडलं. तिने ओळ बदलली, पुस्तकाचं नाव दिलं, त्या माणसाची माफी मागितली. त्याने पाटी काढली. फक्त बाजाराच्या ओळीपुढे एक बारीक खूण ठेवली, पुरावा हवा अशी. गावच्या बाजाराचं पुस्तक कुठून आणायचं?

मला एकच भीती, बायच्या पोरीने आधीच तर वाचलं नसेल? शुक्रवारपर्यंत मी दिवस ढकलले. बायचं विमान रविवारचं होतं. शुक्रवारी दुपारी ती आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"वाचलं तिने. काल."

"रात्र होती का?"

"नाही. सकाळ होती." ती खुर्चीवर बसली. "म्हणाली, आई, बाजार मंगळवारी नसतो. तीन वर्षं झाली. शनिवारी असतो."

खोलीतून मुलगी बाहेर आली होती. मी तिला मराठीत सांगितलं. या वेळी पदरचं काही घातलं नाही.

"मग मी बदलते," ती म्हणाली. "नको. हिच्या मुलीलाच सांग म्हणावं बदलायला. तिथूनच होतं ते, कुणालाही करता येतं." आणि कसं करायचं ते तिने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

बायने कागद घेतला, पण तिचं लक्ष नव्हतं. "वार बदलला," ती मला म्हणाली. "दर शुक्रवारी फोन करते मी. ताप आला सांगतात, गाय व्याली सांगतात. हे नाही सांगितलं कुणी."

"त्यांना वाटलं असेल, तुला काय करायचंय बाजाराचं."

"हो," ती म्हणाली. "तसंच वाटलं असेल."

ती गेल्यावर महिन्याभराने मुलीने मला हाक मारली. पानावर मंगळवार खोडून शनिवार झाला होता. कुणी केलं ते दिसत नव्हतं, नावाच्या जागी नुसते त्या कॉम्प्युटरचे आकडे होते. ते तिकडचेच आहेत, असं ती म्हणाली. पुढची बारीक खूण तशीच होती. कुणाला तरी अजून पुरावा हवा होता.