रजिस्टर पत्र आणि पाटाच्या तोंडचं शेत

दुबईत घरी पोस्टमन येत नाही. पत्रं ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये येतात, आणि त्या बॉक्सची किल्ली ज्याच्याकडे, तो सगळ्यांचा पोस्टमन. बर दुबईतल्या एका शिपिंग एजन्सीत ती किल्ली पुष्कळ वर्षं माझ्याकडे होती. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे झालं त्याचा दोष मी बरीच वर्षं त्या किल्लीवर ढकलत आलो.

नव्वदीच्या मध्यात आम्ही अल मनखूलला राहत होतो. बायको शाळेत शिकवायची, मुलगी सहा वर्षांची. घर सांभाळायला एक इंडोनेशियन बाई आली, तिशीतली, बुटकी, चटपटीत. आधी उम्म अल कुवैनला एका अरबी घरात काम केलेलं, म्हणून तिकडच्या रिवाजाप्रमाणे ती मला ‘बाबा’ म्हणायची आणि बायकोला ‘मामा’. बायको पहिल्यांदा वैतागली. शेजारच्या वहिनी दारातून मुद्दाम हाक मारायच्या, “मामा, आहात का घरात?” पण त्या बाईनं हाक बदलली नाही, आणि महिन्याभरात बायको त्या हाकेला ओ देऊ लागली.

वर्षभरात ती मराठी बोलायला लागली. आमची मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, ही मराठीत. संध्याकाळी मेथी निवडताना ती गावाकडचं सांगायची. लोंबोक बेटावरचं डोंगरातलं गाव. बंदरापासून तीन तास बस, मग तासभर ट्रकच्या हौद्यात उभं राहून, मग चालत. वीज नाही, फोन नाही. डोंगराच्या पायऱ्या पाडून केलेली खाचरं, एक पीक भाताचं, एक तंबाखूचं. पाण्याला पाळी लावलेली. बांबूच्या भिंती, गवताचं छप्पर आणि जमीन शेणानं सारवलेली. हे ऐकल्यावर बायकोनं मेथीची जुडी खाली ठेवली. “म्हणजे आमच्या गुहागरसारखंच की गं!”

गावातले पुरुष मलेशियाला पाम तेलाच्या मळ्यात जात, बायका आखातात. कोण कुठं जाऊन आलं ते घरावरून ओळखायचं. विटांच्या भिंती म्हणजे मलेशिया, दारात रंगीत फरशी म्हणजे आखात. जमीन स्वस्त होती, पण कागद नव्हते. गावच्या मुखियाची चिठ्ठी आणि चार साक्षीदारांचे अंगठे, एवढाच सातबारा. जमीन मोजायची मात्र आपल्यासारखीच, आरमध्ये. रस्ता होणार, होणार असं म्हणत होते. एकदा जीपमधून शहरी माणसं आली आणि लवंगांच्या उताराचा भाव विचारून गेली. तिथून समुद्र दिसतो म्हणे. “बाबा, बघायचे पैसे कोण देतं?” ती हसत सुटली होती.

तिला हवं होतं एकच शेत. अठरा आर, पाटाच्या तोंडाशी, जिथं पाणी सगळ्यांच्या आधी पोचतं. ते तिच्या वडिलांचं. आईच्या आजारपणात त्यांनी गहाण टाकलं होतं, तिकडच्या रिवाजानं. पैसे देणारा शेत कसतो, व्याजाऐवजी पीक खातो, आणि मुद्दल परत मिळालं की बांधावरून उतरतो. आमच्याकडे याला ताबेगहाण म्हणतात. माझ्या काकांचा एक मळा असाच गेला होता, त्यामुळे मला ती गोष्ट पुरती कळत होती. वडील गेले. शेत कसणाऱ्यानं मुदत घातली. सत्त्याण्णवचं भात कापून झाल्यावर एका महिन्यात पैसे आले नाहीत तर शेत त्याचं. पैसे भावाकडे पाठवायची सोय नव्हती. मागं पाठवले त्याची मोटरसायकल झाली होती. शिवाय सोडवणाऱ्यानं स्वतः जाऊन, चार साक्षीदारांसमोर, हातात हात धरून पैसे ठेवायचे, हा तिकडचा नियम. कापणी कधी होईल ते पाण्याच्या पाळीवर. म्हणून असं ठरलं की कापणी झाली की भाऊ रजिस्टर पत्र टाकेल, आणि पत्र आलं की त्याच आठवड्यात तिनं निघायचं. एरवीची पत्रं साधी, हे एकच रजिस्टर.

बायकोनं तिला शब्द दिला होता. तेव्हा बायकोला सातवा महिना होता. बाळंतपणाला येणाऱ्या सासूबाई घसरून पडल्या, त्यांचं येणं रद्द झालं, तरी बायको म्हणाली, “ती जाईल. आपण बघू काहीतरी.”

बायकोला नववा लागला आणि पत्र आलं. मीच पोस्टात जाऊन सही करून घेतलं. पातळ पाकीट, कडेला लाल-निळ्या रेघा. ऑफिसात आलो आणि टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या बिलांच्या फायलीखाली ठेवलं. उद्या देऊ, असं म्हणत.

बायकोच्या बाळंतपणाची काळजी होती हे खरं, पण ती अर्धीच. उरलेली अर्धी काळजी मुलीच्या डब्याची, इस्त्रीच्या शर्टांची आणि माझ्या झोपेची होती. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो.

छत्तीस दिवस ते पत्र खणात होतं. मधल्या काळात मुलगा झाला. त्याला पहिली आंघोळ तिनं घातली, पायांवर आडवा घेऊन, बायकोनं शिकवली तशी. बायको घरी रुळल्यावर एका दुपारी मी पत्र आणून दिलं. म्हणालो, पोस्टात अडकलं होतं. पाकिटावरचा शिक्का पुसट होता. स्पष्ट असता तरी तिनं बघितला नसता. बाबा खोटं बोलेल, हे तिच्या मनातही आलं नसतं.

बेसिनजवळ उभी राहून तिनं ते वाचलं. बोटांवर काहीतरी मोजलं. मग घडी घातली आणि म्हणाली, “बाबा, महिना संपला.” आणि बाळाचे लंगोट वाळत घालायला बाल्कनीत गेली.

त्यानंतरचं सांगितलं नाही तर ही गोष्ट अर्धवट राहील. शेतासाठी साठवलेले तिचे दिरहॅम बायकोच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात तसेच पडून होते. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांचा रुपिया कोसळला. एक्स्चेंजवाल्याच्या काचेवरचा आकडा दर आठवड्याला चढायचा, एका दिरहॅमला आणखी रुपिया, आणि ती मला तीनतीनदा वाचायला लावायची. पुढच्या वर्षी ती कायमची परत गेली तेव्हा त्याच डब्यातल्या पैशांत तिनं चाळीस आर जमीन घेतली, वर लवंगांचा उतार, आणि होणाऱ्या रस्त्याच्या कडेला घरासाठी तुकडा.

मग दर ईदला पत्र यायला लागलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. मुलाची चौकशी, लवंगांचा भाव, आणि दर वेळी एक वाक्य ठरलेलं: बाबा, ते पत्र उशिरा आलं ही अल्लाची मेहेरबानी. मी ते घरात मोठ्यानं वाचून दाखवायचो. बायको म्हणायची, होतं ते बऱ्यासाठी. मीही मान डोलवायचो. पत्र लपवलं त्यापेक्षा ही मान डोलवणं मला जास्त खुपायचं.

दोन हजार दोन साली कंपनीनं मला इंडोनेशियात सुराबायाला पाठवलं. तिथून दोन दिवस काढून तिच्या गावी गेलो. आता ट्रक नव्हता, रस्ता झाला होता, मिनीबस थेट गावात जात होती. बसथांब्याजवळच तिचं घर. दारात हिरव्या फरशा, आणि आत मात्र स्वयंपाकघराची जमीन शेणानं सारवलेली. फरशीवर बसून जेवण जात नाही म्हणे. माणसं जमली. तिनं माझी ओळख करून दिली, हे बाबा, यांच्यामुळे माझी जमीन झाली. सगळ्यांनी माझा हात हातात घेतला. एका म्हाताऱ्यानं तर तो बराच वेळ सोडलाच नाही.

दुपारी ती मला जमीन दाखवायला घेऊन निघाली. गंजलेल्या मराठीत अखंड बोलत होती. जीपवाले परत आलेत, उताराला मागतील तो भाव देतो म्हणतात, पण ती विकणार नाही. लवंगा दर वर्षी येतात, जीपवाल्यांचे पैसे एकदाच. मला फार बरं वाटत होतं. वारा होता, पाटाचा आवाज होता, आणि ही बाई आपल्या गावात ताठ चालत होती.

एका खाचराच्या बांधावर ती थांबली. पाण्याच्या तोंडाशी वाढलेलं गवत तिनं वाकून उपटलं, बाजूला टाकलं, पाणी नीट वाहायला लागलं तसा हात धुतला. मी विचारलं, हे पण तुझंच का? ती म्हणाली, “नाही. हे वडिलांचं.” शेत आता एका शाळामास्तरांचं होतं. त्यांना कितीदा विचारून झालं, ते देत नाहीत. पाटाच्या तोंडचं शेत कोण देईल?

मी तिथंच सांगितलं. “ते पत्र वेळेवर आलं होतं. मी ठेवून घेतलं.”

तिनं ओला हात पुसला. मग विचारलं, “किती दिवस?”

“छत्तीस.”

तिनं पुन्हा बोटांवर मोजलं. त्या दुपारसारखंच. किती दिवस हातात होते, ते बहुतेक. मग म्हणाली, “मामाला माहीत होतं?”

“नाही.”

“मग बरं.” ती चालायला लागली. दहा पावलांवर वळली. “बाबा, मामाला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.”

बाकीची जमीन तिनं दाखवली, पण थोडक्यात. परतल्यावर आणखी काही माणसं आली होती. यांच्यामुळे जमीन झाली, असं ती या वेळी म्हणाली नाही. म्हणाली, हे बाबा, यांच्या मुलाला पहिली आंघोळ मी घातली. मग सारवलेल्या जमिनीवर मला जेवायला बसवलं. लाल तांदळाचा भात, मिरचीचा ठेचा, नदीचे मासे. दोनदा वाढलं, न विचारता. इतकं मोकळं होऊन मी कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. हातातली पोळी पुरी लाटली, तव्यावर टाकली, उलटली. तिसऱ्या दिवशी तिनं बसून एक लांब पत्र लिहिलं. पोस्टात टाकतो म्हणून मी हात पुढे केला, तर पाकीट पर्समध्ये घालून ती स्वतः करामाच्या पोस्टात गेली. परतली ती घराच्या नावानं पोस्टबॉक्स घेऊनच.

तेव्हापासून ईदची पत्रं त्या बॉक्समध्ये येतात. किल्ली तिच्याकडे असते. पत्र तीच वाचून दाखवते, मुलाची चौकशी, लवंगांचा भाव. मेहेरबानीचं वाक्य आता त्यात नसतं. मी समोर बसून मेथी निवडत ऐकतो.