बॉम्ब शेल्टरमधला मायलो

मेधा आगाशेच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो हे सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या त्या ब्लॉकमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्टसमोर रिकामे खोके टाकणाऱ्याला ठाऊक होतं, वरच्या मजल्यावरून ओले कपडे ठिबकवणाऱ्या अंकलना ठाऊक होतं, आणि तिच्या नवऱ्याला, प्रबोधला, तर साखरपुड्याच्या दिवशीच कळून चुकलं होतं. वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत ती टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या पदरात घालायच्या, याचा तिला महिन्याच्या महिन्याला पगार मिळायचा. चिंचवडला तिची आई मैत्रिणींना सांगायची, "पोरीला स्वभावाला साजेशी नोकरी मिळाली हो!"

असल्या बाईच्या घरात वर्षभर चोरून साप राहत होता, हे सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं.

साप प्रबोधचा. सिंगापूरमध्ये घरी साप पाळायला बंदी आहे, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. प्रबोधलाही माहीत होतं. पण ऑफिसात त्याची बढती हुकली, तो दिवस दिवस गप्प राहू लागला, आणि त्या पडेल काळात फोनवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये त्याला सापांचा नाद लागला. एका संध्याकाळी लॅपटॉपच्या बॅगेतून हे महाशय अजगराचं पिल्लूच घेऊन घरी आले. आफ्रिकेतली जात; बॉल पायथन म्हणतात. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो. चावत नाही, फुत्कारत नाही, नुसता लपतो. त्याचा तपकिरी रंग बघून त्यांच्या मुलीनं, जाईनं, त्याचं नाव ठेवलं मायलो, तिच्या आवडत्या चॉकलेटी पेयावरून.

मेधा चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही आणि पाचव्या दिवशी चार दिवसांचं बोलली. पण त्या सापाला हातावर घेतलं की प्रबोध हसायचा, ते तिला दिसत होतं. शिवाय तक्रार करायची कुणाकडे? केली तर दंड, चौकशी, आणि एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे तिथे राहून नोकरी करायच्या परवान्याचं, काय होईल ते देव जाणे. मग आयुष्यात पहिल्यांदाच तिला चूक सापडली आणि तिनं ती कळवली नाही.

मायलोची काचेची टाकी ठेवली बॉम्ब शेल्टरमध्ये. तिथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोलीच असते. युद्ध काही येत नाही, तोवर तिच्यात तांदळाची पोती आणि प्रवासाच्या बॅगा राहतात. घरमालकाचा एजंट पाहणीला आला की टाकीपुढे आकाशकंदिलाचे खोके रचायचे. भागत होतं.

अडलं ते खाण्यापाशी. साप विकणाऱ्यानं सांगितलं होतं, की बर्फात गोठवलेले उंदीर मिळतात. गरम पाण्यात ठेवून कोमट करायचे आणि चिमट्यानं तोंडापुढे धरायचे. मेलेला उंदीर सापाला चावत नाही, साप सुखी, आपणही सुखी.

"आणि ती पाकिटं ठेवायची कुठे?" मेधानं विचारलं.

"फ्रीजरमध्ये."

"कुणाच्या?"

मेधाच्या फ्रीजरमध्ये खवलेला नारळ होता, मटार होते, डब्यात घालून पुण्याहून आणलेलं पुरण होतं. त्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. "माझ्या पुरणाशेजारी उंदराचं मढं आलं, तर मी तरी इथे राहीन नाहीतर ते तरी," तिनं निकाल दिला. आणि प्रबोधला हा निकाल मनापासून पटला! दुकानात केकमध्ये अंडं आहे का हे तीनतीनदा विचारणारा माणूस तो. झालं, जिवंत उंदीर ठरला. विक्रेता एमआरटी मेट्रोच्या स्टेशनबाहेर भोकं पाडलेल्या खोक्यात आणून द्यायचा. उंदीर ना फ्रीजला शिवत होता, ना भांड्यांना. मारायचं ते साप मारणार. घरातलं सोवळं शाबूत.

उंदीर सोडला की शेजारी उभं राहा, सापानं लगेच धरला नाही तर बाहेर काढा, एकटा मुळीच सोडू नका, हेही त्या माणसानं बजावलं होतं. पण प्रबोधला रक्त बघवत नाही. तो उंदीर सोडायचा, झाकण लावायचा आणि हॉलमध्ये येऊन बातम्या बघायचा. दृष्टीआड सृष्टी. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं हे घर डोळे मिटून मांस खाऊ घालत होतं. वर्षभर काही झालं नाही, आणि नशिबाला ही दोघं रीत समजून बसली.

त्या शुक्रवारी मायलोचे डोळे दुधाळ निळसर झाले होते. कात टाकायच्या आधी सापाचं असं होतं. नीट दिसत नाही, भूकही नसते. जाई बापाला म्हणाली, "बाबा, he's going to shed lah. Don't feed today."

"अगं, पण उंदीर आलाय. तो आता ठेवायचा कुठे?" असं म्हणून प्रबोधनं उंदीर टाकीत सोडला आणि बातम्या लावल्या.

मेधा ओट्याशी भाकऱ्या थापत होती. शेल्टरमधून खरवडल्याचा आवाज यायला लागला, मधूनच चिरकणं. मरतंय बिचारं, असं तिच्या मनात आलं. पिठाचे हात पुसून ती गेली, आत न बघता लोखंडी दार ओढून घेतलं आणि त्याचा दांडा खाली दाबला. घर शांत झालं. तिघं जेवली.

सकाळी दार जाईनं उघडलं. तिची किंकाळी ऐकून मेधा धावली. मायलोच्या पाठीचं कातडं दोन ठिकाणी कुरतडून उघडं पडलं होतं आणि एका जागी आत पांढरं दिसत होतं. त्यानं डोकं आत घेऊन चेंडू केला होता. कोपऱ्यात उंदीर बसला होता. त्याला रात्रभर दाणा नाही, पाणी नाही. जे समोर होतं ते त्यानं खाल्लं. त्याचा दोष तो काय?

सापाला ओरडता येत नाही. काल चिरकत होता तो उंदीर, पण कुरतडला जात होता तो दुसराच. हे लक्षात आल्यावर मेधा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग तिला राग आला, आणि हा राग लिफ्टसमोरच्या खोक्यांवरचा नव्हता.

"डॉक्टर बघ," ती म्हणाली.

"डॉक्टर सरकारला कळवतील की. चौकशी लागेल." प्रबोधचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पास गेला तर, मेधा? जाईची शाळा? उद्या पुण्याला जाऊन काय करायचं आपण?"

"मग काय करायचं म्हणतोस?"

प्रबोधनं आवाज खाली आणला. "मागच्या टेकडीवर पार्क आहे ना, तिथल्या झाडीत सोडून देऊ. निसर्ग बघून घेईल. तेवढीच त्याची सुटका."

मेधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सुटका? पाठ सोललेला आफ्रिकेतला साप मुंग्यांच्या तोंडी द्यायचा आणि वर त्याला सुटका म्हणायचं? लाज कशी वाटत नाही रे तुला? काल उंदीर टाकलास आणि पाठ फिरवलीस. आज साप टाकणार आणि पाठ फिरवणार! केकमधलं अंडं तेवढं बरं दिसतं तुला!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! वर्षभर हळूच बोललो ना? बघ त्याचं काय झालंय."

प्रबोधनं मान वर केली. "दार तू लावलंस," तो म्हणाला.

खरं होतं ते, आणि भांडणात हुकमाचं पान टाकावं तसं त्यानं ते टाकलं होतं. मेधाला वाटलं होतं की यावर आपण खचू. पण राग कमी झाला नाही. त्यात तिचं स्वतःचं नाव तेवढं वाढलं. पुरण तिचं, फ्रीजर तिचा, दारही तिचंच. "हो," ती म्हणाली, "मी लावलं. म्हणून फोनही मीच करणार."

तो मध्ये आला. तिनं त्याला हातानं बाजूला केलं. जाई रडत म्हणाली, "Just call lah, आई!" आणि मेधानं प्राण्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिनं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, सगळं खरं सांगितलं. आवाज एकदाही कापला नाही.

दुपारच्या आत एक तरुण अधिकारी आला. फैझल त्याचं नाव. हातमोजे, कापडी पिशवी, उंदरासाठी वेगळा डबा, सगळं बरोबर होतं. प्रबोध पुढे होऊन इंग्रजीत सुरू झाला, "सर, त्याचं काय झालं, हा आम्हाला कॉरिडॉरमध्ये…"

"आमचाच आहे," मेधा म्हणाली. "वर्ष झालं."

फैझलनं दोघांकडे पाहिलं आणि मायलोला दोन्ही हातांवर उचलून पिशवीत ठेवलं. चेंडू सुटला नाही. "जगेल?" जाईनं विचारलं. "सांगता येत नाही," तो म्हणाला. "जखम खोल आहे, आणि रात्रभर कुणी बघितलेलं नाही. डॉक्टरांना सगळं नीट कळलं तर बरं." केसचं पुढे काय व्हायचं ते रीतसर कळवलं जाईल, असंही त्यानं सांगितलं. पासबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. प्रबोध खुर्चीत बसून राहिला.

मग फैझलनं विचारायला घेतलं. उंदीर कधी सोडला? तो पाळीव जातीचा होता का? टाकीत त्याला काही खायला होतं का? जवळ कोण होतं? मेधा उत्तरं देत गेली, तो लिहीत गेला.

"गोठवलेले कधीच दिले नाहीत?"

"नाही."

"का, मॅडम?" त्याच्या स्वरात टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "तेच सुरक्षित असतं. फ्रीजर तर सगळ्यांकडे असतो."

प्रबोध जमिनीकडे बघत होता. हे उत्तर तो देणार नाही, हे मेधाला दिसलं.

"आम्ही शाकाहारी आहोत," ती म्हणाली.

फैझलचं पेन थांबलं. त्यानं पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सॉरी, मॅडम?"

आणि ते वाक्य मेधाला पुन्हा एकदा म्हणावं लागलं.