तात्यांच्या घरातला गारवा

एसीच्या फिल्टरमध्ये धूळ जमते तसे आमच्या धंद्यात किस्से जमतात. फरक एवढाच, की धूळ महिन्यातून एकदा नळाखाली धरली की जाते. किस्से धुतले की आणखी चकचकीत होतात. त्यातही माझे निम्मे किस्से एकाच घरातले आहेत, म्हणून तेवढेच सांगते.

मी मेकॅनिकलची इंजिनिअर. पुण्यातली नोकरी सोडून धाराशिवला परत आले, कारण ‘असली कामं आपल्याकडं होत न्हाईत’ हे वाक्य ऐकून माझं डोकं फिरायचं. का होत नाहीत? तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करणाऱ्या रज्जाकचाचांबरोबर मी भागीदारीत दुकान टाकलं आणि पहिलंच मोठं काम मिळालं ते तात्यांच्या घराचं. तात्या माकणीचे बागायतदार. शेत तिकडं, नवं दुमजली घर धाराशिवात. आठ खोल्यांना मिळून एकच मशीन. त्याचा बाहेरचा भाग गच्चीवर, छतातून डक्ट म्हणजे हवेचे पत्र्याचे बोगदे, आणि प्रत्येक खोलीत हवा सोडणारी जाळी. अख्खं ड्रॉइंग माझं.

शिवरात्रीच्या सुमारास मशीन सुरू झालं. तात्यांनी जाळीखाली हात धरून बघितला आणि म्हणाले, “गार हाय. पर आखितीपर्यंत बघनार. तवर घरातल्यांना हे रुळलं न्हाय, तर सगळं खाली उतरवायचं आन पयल्यासारखे कूलर लावायचे. कबूल?”

मी कबूल म्हणाले. शहरातली आणखी तीन घरं तात्या काय ठरवतात याकडं डोळे लावून बसली होती. अक्षय तृतीयेला मशीन उतरलं असतं, तर त्याच्याबरोबर मीही पुण्याला परत गेले असते. हे चाचांनाही माहीत होतं.

*

पहिली अडचण दाराची. एसी चालू असताना दारं-खिडक्या लावा, हे मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. पण आमच्याकडं दिवसा दार लावतच नाहीत. दिवसा लावलेलं दार म्हणजे एक तर भांडण, नाहीतर मयत.

तरी तात्यांनी एक दिवस माझं ऐकलं. जेवण झाल्यावर पुढचं दार लोटलं आणि बैठकीतल्या दिवाणावर आडवे झाले. गारवा जास्त झाला म्हणून पांढरी चादर ओढून घेतली, डोक्यावरून.

समोरच्या गुरुजींना दार लोटलेलं दिसलं. ते हळूच आत आले. चादर बघितली. टोपी काढून उशाशी बसले. त्यांच्यामागून आणखी चौघं आले आणि भिंतीकडेनं बसले. अर्ध्या तासानं तात्यांना जाग आली. चादर बाजूला करून बघतात तर पाच जण माना खाली घालून बसलेले.

तात्या धडपडून उठले आणि विचारलं, “कोन गेलं?”

त्या दिवसापासून दार पुन्हा सताड उघडं. शेवटी मी माझा कागद काढून घेतला आणि दार आपोआप लावणारी स्प्रिंग बसवली.

*

मार्चमध्ये मशीन सारखं बंद पडायला लागलं. गच्चीवर जाऊन बघते तर तात्यांनी त्याला ‘ऑटो’ बसवलेला. शेतातल्या मोटारीला बसवतात तो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, शेतकऱ्याला विहिरीपर्यंत धावावं लागत नाही. विहिरीसाठी उत्तम. पण एसीचा कंप्रेसर बंद झाल्यावर लगेच सुरू केला तर जळू शकतो, आणि आमच्याकडं वीज एकदा जाताना तीनदा येऊन जाते.

मी भडकलेच. म्हटलं, “तात्या, ह्याला बंद झाल्यावर तीन मिनिटं तरी थांबू द्यायचं असतं.”

“लाईट आल्यावर बी?”

“लाईट आल्यावर बी.”

“मंग तीन मिनिटं काय करतंय ते?”

“दम घेतं.”

तात्यांनी मशीनकडं नीट बघून घेतलं. “आमच्या शेतातल्या गड्यास्नी ह्यानंच शिकवलं असनार.”

*

पुढं एक वेगळीच तक्रार आली. दिवसभर मशीन बरोबर चालायचं, पण रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला घराचं बर्फ व्हायचं. काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, शाल पांघरून स्वयंपाक करायच्या. मी दोन दिवस लॅपटॉप घेऊन बसले. गॅस तपासला, वायरिंग तपासलं, कंपनीला मेल केले.

चाचा तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी काहीच उघडलं नाही. बैठकीत खुर्ची टाकून चहा घेत बसून राहिले. सात वाजता काकूंनी देवाच्या फोटोसमोर समई लावली. चाचांनी फोटोच्या वर बोट दाखवलं.

वर थर्मोस्टॅट होता. खोली किती तापलीय हे बघून मशीनला हुकूम सोडणारा. फोटो आणि समईची फळी मागाहून त्याच्या बरोबर खाली आली होती. समई पेटली, की त्याला वाटायचं घराला आग लागली.

“काकू, समई थोडी सरकवूया?” मी विचारलं.

“देव तिथंच ऱ्हानार,” काकू म्हणाल्या.

“बेटा,” चाचा मला म्हणाले, “थर्मोस्टॅट सरकव. त्याचा कोन भक्त न्हाय.”

*

चैत्रात कुरडयांचा हंगाम आला. गच्चीवरचं मशीन घरातली उष्णता बाहेर फेकतं, त्यामुळं त्याच्या तोंडाशी भट्टीसारखी झळ असते. हे मला कॉलेजात चार वर्षांत कळलं. काकूंना एका सकाळीत. त्यांनी झळीसमोर जुनं लुगडं अंथरलं आणि कुरडया घातल्या. दोन दिवसांचं वाळवण दुपारपर्यंत तयार.

मग गल्लीतल्या बायका आपापले पापड घेऊन आल्या. कुणाचं तरी लुगडं उडालं, मशीनच्या मागच्या बाजूला चिकटलं, मशीन गुदमरून बंद.

मी खडू घेतला, मशीनच्या चारी बाजूंना तीन फुटांवर रेघ ओढली आणि सांगितलं, “या रेघेच्या आत काहीही ठेवायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी बघितलं तर रेघेच्या आत काही नव्हतं. मशीनच्या डोक्यावर, नीट दगड ठेवून, सांडग्यांचं ताट होतं.

“रेघ खाली हाय पोरी,” काकू म्हणाल्या. “वरचं तू काय बोलली न्हाईस.”

*

एवढं होऊनही घरात कौतुक सुरू झालं होतं, ते भलत्याच गोष्टीचं. एसीतून पाणी ठिबकतं. तात्यांनी त्या नळीखाली घागर लावली होती आणि रोज दोन घागरी भरत होत्या. आमच्या भागात उन्हाळ्यात दोन घागरी म्हणजे चेष्टा नव्हे. पण मला शंका आली. आपल्याकडची चैत्रातली हवा कोरडी ठणठणीत. एवढं पाणी येत होतं कुठून?

शोधत शोधत मागच्या खोलीत गेले. तिथं जुना कूलर धाडधाड चालू होता. एसीला मदत म्हणून. कूलर हवेत पाणी मिसळत होता, एसी तेच पाणी हवेतून काढून नळीनं बाहेर टाकत होता.

मी तात्यांना कागदावर चित्र काढून समजावलं. “म्हणजे तुम्ही कूलरला रोज चार घागरी पाजताय, आणि एसीकडून दोन घागरी परत घेताय.”

तात्या शांतपणे म्हणाले, “म्हशीचं काय येगळं असतंय?”

*

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी मी शेवटची तपासणी करायला गेले. तात्या शेताकडं गेले होते. माडीवर त्यांच्या खोलीत शिडीवर चढून मी जाळीशी हवेचा वेग मोजत होते. तेवढ्यात जाळीतून काकूंचा आवाज आला, कानाशी बोलल्यासारखा.

“ह्यांनी केस काळे केल्यानं गुडघे कुठं तरणे होत्यात व्हय?”

मग त्यांच्या सुनेचं हसणं.

मी शिडीवरच घामानं भिजले. खालचं जेवणघर आणि वरची तात्यांची खोली मी एकाच डक्टवर घेतली होती, आणि आतून आवाज अडवणारं अस्तर लावलंच नव्हतं. खाली सासूसुना निवडणं-टिपणं करताना जे बोलतील, ते सगळं तात्यांच्या उशाशी. आणि तात्या रोज दुपारी तिथंच पडतात. हा माणूस मशीन ठेवेल कशाला?

चाचांना सांगितलं. ते म्हणाले, “दोन दिवस गप ऱ्हा.”

“चूक माझी आहे, चाचा. चूक लपवून टिकलेलं मशीन मला नको.”

“तुला नको. मला पायजे.”

तरी सणाच्या दिवशी सकाळीच मी तात्यांच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खालचं बोलणं वर येतं. ड्रॉइंग माझं, चूक माझी. एका दिवसात अस्तर लावून देते. तरीही नको असेल तर मी स्वतः उतरवते.

तात्या उठले. दार लावलं. टीव्ही मोठा केला. मग माझ्याजवळ येऊन, जाळीकडं बघत, हळू आवाजात म्हणाले, “मशीन ऱ्हाऊ द्या इंजिनेरबाई. कायमचं. पर त्या बोगद्यात हात घालायचा न्हाय.”

“अहो पण तात्या, तो दोष आहे.”

“असंल. छत्तीस वर्सं संसार झाला. ती माझ्या तोंडावर व्हय आन न्हाय, एवढंच बोलती. घरात काय चाललंय ते आत्ता कुठं कळाया लागलंय.”

मी खाली आले. मशीन राहिलं होतं. मीही राहणार होते. पण जिना उतरताना मला काही ते पटेना. एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, हा कुठला न्याय? काकू जेवणघरात पुरण वाटत होत्या, सून आंबे पिळत होती.

“काकू, तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही इथं जे बोलता ना, ते...”

काकूंनी पुरणाचा हात वर करून मला थांबवलं. दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. दार लागेपर्यंत थांबल्या.

“पयल्या दिसापासनं ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या. “तू त्याला हात लावू नको.”

मग आत जाऊन त्या बरोबर जाळीखाली उभ्या राहिल्या. पदर सावरला आणि सुनेला म्हणाल्या, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं, “आपल्या धाकट्या सुमीला बारावीनंतर पुण्याला शिकायला धाडायचं म्हणलं, तर ह्यांची आडकाठी नसनार बघ. लेकीवर लई जीव हाय त्यांचा. मानूस वरनं कडक दिसतो, पर मन लई मोठं.”

“व्हय की, आत्याबाई,” सून आंब्यावरची नजर न काढता म्हणाली.

वरचा टीव्ही बंद झाला. मग जाळीतून, अगदी स्पष्ट, तात्यांच्या खाकरण्याचा आवाज आला.