फ्रिजच्या पाठीवरचा नंबर

काकांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते सांगून उपयोग नाही, कारण त्या नावाने त्यांना कुणी ओळखत नाही. फ्रिज दुरुस्त करणारे काका म्हटलं की झालं. माझं शिवणकामाचं दुकान आणि त्यांचं वर्कशॉप यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तीही अशी की मी इकडे कात्री टेबलावर ठेवली तर तिकडे ऐकू जाते. त्यामुळे या गोष्टीतलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि उरलेलं भिंतीतून ऐकलंय. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला दोन होते आणि दोन्ही माझे होते.

फोन वाजला की तिकडून एकच वाक्य यायचं, "बोला, काका बोलतोय." मग दोन प्रश्न. आत दिवा लागतो का? मागे हात लावून बघा, कोमट लागतंय का? निम्म्या लोकांचं काम तेवढ्यावर व्हायचं. कुणाचं बटण फिरलेलं असायचं, कुणी फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवलेला असायचा. काका फोनवरच सांगून मोकळे. मी म्हणायचे, अशाने धंदा बसेल. त्यावर ते म्हणायचे, मास्तरीणबाई, ज्याचं एकदा फुकटात झालं तो पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलावतो का ते सांगा. आणि लोक खरंच बोलवायचे नाहीत. (मास्तरीणबाई म्हणजे मी, टेलर-मास्तर म्हणतात तशी.)

प्रत्येक दुरुस्तीनंतर काका फ्रिजच्या मागच्या बाजूला एक पिवळा स्टिकर चिकटवायचे. त्यावर 'काका' एवढंच आणि खाली मोबाइल नंबर. पुढे का नाही लावत, असं मी विचारलं होतं. म्हणाले, पुढे लावलेला बायका दुसऱ्या दिवशी खरवडून काढतात, मागे कोण जातंय? फ्रिज बिघडला की मात्र माणूस आपोआप मागे डोकावतो. गावातल्या किती फ्रिजांच्या पाठीवर तो नंबर होता, देव जाणे. घरं विकली गेली, भाडेकरू बदलले, फ्रिज या घरातून त्या घरात गेले, आणि नंबरही त्यांच्याबरोबर फिरत राहिला. पाटी नाही, जाहिरात नाही. काकांचा धंदा म्हणजे तो नंबर.

आणि या शहाण्या माणसाने एक वेडेपणा केला होता. गिऱ्हाइकांपैकी एकाचाही नंबर त्यांनी कधी फोनमध्ये साठवला नाही. साठवून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. "त्यांच्याकडे माझा आहे ना, मग मला त्यांचा कशाला?" त्यांच्या फोनमध्ये नावं होती ती घरच्यांची. काकू, परदेशातली मुलगी, जावई, घरचीच म्हणून शेजारची मी, आणि मेहुणा.

मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या आधी बहिणीकडे राहायला आला तो तिथलाच झाला. काकांनी त्याला हाताला धरून काम शिकवलं. गॅस कसा भरायचा, नळीला डाख कसा द्यायचा, गिऱ्हाईक चिडलं असेल तर आधी पाणी कसं मागायचं. आता त्याचेही केस कानाजवळ पांढरे झालेत. अंगाने दणकट, बोलायला कमी. काका फोन घ्यायचे, निदान करायचे, आणि जड काम मेहुणा करायचा. आम्हा शेजाऱ्यांना त्या जोडीचं कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मुलीचे दिवस भरत आले तसं काका-काकूंचं तिकडे जायचं ठरलं. चार-पाच महिने तरी राहायचं होतं. काकांनी आयुष्यात विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेलं. पण त्यांना काळजी विमानाची नव्हती, नंबरची होती. आपण तिकडे गेलो आणि इकडे फोन लागला नाही, तर माणूस दुसरा मेकॅनिक शोधणार. एकदा शोधला की गेला. मुलीने फोनवर सांगितलं, बाबा, डिजिटल सिम घ्या, कार्ड बदलायची भानगड नाही, एक चौकोन स्कॅन केला की तिकडचं नेटवर्क चालू. मेहुणा म्हणाला, दाजी, मी बघतो सगळं.

त्यांच्या वर्कशॉपमध्ये उजेड कमी, म्हणून हा सोहळा माझ्या कटिंगच्या टेबलावर झाला. मी एका ब्लाउजचा गळा कापत होते. मेहुण्याने दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले आणि समजावून सांगितलं. प्रवासाचं डिजिटल सिम दाजींच्या फोनमध्ये बसवायचं. आणि दाजींचा जुना नंबर, तोही डिजिटल करून, आपल्या फोनमध्ये घ्यायचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा एकही फोन चुकणार नाही. परत आलात की पुन्हा तुमच्या फोनमध्ये. काकांना ते इतकं पटलं की त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मुलगा पहिला आला होता.

मग बराच वेळ त्या फोनवर बोटं फिरत राहिली. मेसेजमध्ये आकडे आले, ते काकांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवले. आणखी एकदा आले, तेही वाचले. मग मेहुण्याने फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि डोळे मिचकवायला सांगितले.

"ते कशाला?" काकांनी विचारलं.

"तुम्ही जिवंत आहात हे कळायला."

आम्ही तिघंही हसलो. काकांनी चष्मा काढला, केसांवरून हात फिरवला आणि शाळकरी पोरासारखे दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडले. ते फार जोरात झालं म्हणून पुन्हा करावं लागलं. जरा वेळाने त्यांच्या फोनवरचे जुन्या नंबरचे नेटवर्कचे दांडे गेले आणि मेहुण्याच्या फोनवर आले. मेहुण्याने जुनं कार्ड काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. आता हे नुसतं प्लास्टिक, म्हणाला. काकांनी ते पाकिटात जपून ठेवलं.

तिकडून काकांचा मला अधूनमधून फोन यायचा. नात झाली, नाक काकूंवर गेलंय, इथले फ्रिज कपाटाएवढे आहेत, वगैरे. शेवटी हळूच विचारायचे, आमच्याकडे वर्दळ कशी आहे? मेहुणा त्यांना सांगत होता की सध्या फोनच येत नाहीत. आणि भिंतीपलीकडे तर फोन थांबत नव्हता. मला वाटलं, माणूस सुट्टीवर आहे, त्याला कामाचा घोर नको म्हणून सांगत असेल. माणसाला चांगलंच आधी सुचतं, हा काही गुन्हा नाही.

काका परत यायच्या आधीच्या आठवड्यात वर्कशॉपमधली मेहुण्याची हत्यारं गेली. बाजाराच्या पलीकडच्या टोकाला त्याने गाळा घेतला होता, त्यावर पिवळी पाटी. पाटीवर 'काका'.

काका आले ते आधी गाळ्यावर गेले नाहीत, मोबाइल कंपनीच्या ऑफिसात गेले. मला बरोबर घेऊन गेले. अजूनही त्यांना वाटत होतं की काहीतरी गैरसमज आहे आणि नंबर परत फोनमध्ये आला की मिटेल. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, हा तुमच्या नावावर नाही. नुसता फोन बदललेला नाही, मालक बदललाय, तुमच्याच संमतीने. तिने पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर काकांचा फोटो होता, चष्म्याशिवाय, केस बसवलेले, डोळे अर्धवट मिटलेले. मागे माझ्या दुकानातले टांगलेले कपडे दिसत होते.

"हे तुम्हीच ना?" तिने विचारलं.

काका म्हणाले, "मीच."

ती मुलगी भली होती, तिला वाईट वाटलं. पण नव्या मालकाच्या सहीशिवाय तिला काही करता येत नव्हतं. तक्रार करायची असेल तर पोलिसांत करा, म्हणाली. येताना काका वाटभर पाकिटातलं जुनं कार्ड चाचपत होते. मी मात्र बोलत होते, काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मेहुणा वर्कशॉपची किल्ली द्यायला स्वतःहून आला. तोंड लपवलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. मी मशीन बंद केलं.

"दाजी, नंबर कुणाचा असतो? जो उचलतो त्याचा," तो म्हणाला. "तुम्ही खुर्चीत बसून काका बोलतोय म्हणायचात. कॉम्प्रेसर खांद्यावर घेऊन चार-चार मजले मी चढायचो. आणि वर दार उघडणारा मला विचारायचा, काका नाही आले?"

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "मागितला असतास तर दिला असता रे."

"मागून घेतला असता तर तो तुमचाच राहिला असता."

त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. तो खांदा मी पाहिलाय, त्यावरचा शर्ट नेहमी एकाच जागी विरायचा आणि ठिगळ मीच लावायचे. पण खांदा दुखला म्हणून माणूस भांडतो, वेगळा होतो, हिस्सा मागतो. केसाने गळा कापत नाही. ज्याने घास भरवला त्याला डोळे मिचकवायला सांगून त्याचं नाव काढून घेत नाही. मला आजही त्या हसण्याचा राग येतो. तो आमच्याबरोबर हसला होता.

पोलिसांत जा, असं मी काकांच्या मागे लागले. ते जायला निघालेही होते. काकू दारात उभ्या राहिल्या. त्या रडत होत्या, पण त्यांनी जे सांगितलं ते शांतपणे सांगितलं. "माझ्या भावाला तुम्ही चौकीत उभं करणार? तुमचं वय झालंच होतं. घरातच राहिलं ना?" काकांनी पायातली चप्पल काढून पुन्हा जागेवर ठेवली. त्या दिवसानंतर ते दुपारचं जेवायला घरी जायचे बंद झाले. डबा आणायचे आणि वर्कशॉपमध्ये एकटे खायचे. मेहुण्याने एक घाव घातला होता, त्यावर हा दुसरा, आणि हा अधिक खोल गेला असं मला वाटतं.

पण माणूस हरलेला नव्हता. नवा नंबर घेतला, नवे स्टिकर छापून आणले, आणि ठरवलं की घरोघर जाऊन जुने काढायचे, नवे लावायचे. गिऱ्हाइकांचे नंबर नव्हते, पण घरं पाठ होती. कुठल्या जिन्याने गेलं की कुठला फ्रिज, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. मी दुपारचं मशीन बंद ठेवून बरोबर जायचे, कारण बाई सोबत असली की दार लवकर उघडतं.

जुन्या घरांत बरं चाललं. काका, किती दिवसांनी, म्हणत लोक फ्रिज पुढे ओढून द्यायचे. कुणी चहा दिला. एका आजोबांनी मेहुण्याला माझ्यापेक्षा वरच्या शिव्या दिल्या. काका हळूहळू जिन्यात गुणगुणायला लागले होते.

मग ते तिसऱ्या मजल्यावरचं घर आलं. काकांनी तिथला फ्रिज दोनदा नवा केला होता. दार साखळीएवढंच उघडलं. फटीत एक तरुण बाई होती, नवी भाडेकरू, फ्रिज तिला घराबरोबर मिळालेला. काकांनी नेहमीसारखं सांगितलं, मी काका, तुमच्या फ्रिजमागचा स्टिकर बदलायचाय, नंबर बदललाय.

ती म्हणाली, "काका तर मागच्याच आठवड्यात येऊन गेले."

मी मध्ये तोंड घातलं, तो नव्हे, खरे काका हे. त्याने तिचा संशय आणखी वाढला, आणि तिचं काही चुकलं नाही. दोन अनोळखी माणसं स्वयंपाकघरात शिरू बघतायत आणि सांगतायत की ठाऊक असलेला नंबर काढून टाका. मीही साखळी काढली नसती. थांबा, त्यांनाच विचारते, असं म्हणत तिने फोन लावला. हातात कणीक असावी, म्हणून स्पीकरवर टाकला.

"बोला, काका बोलतोय."

काकांचाच सूर, 'बोला'वर तसाच जोर. माझ्या शेजारी काकांनी हातातली पेटी खाली ठेवली.

बाईने सांगितलं, एक माणूस आलाय आणि म्हणतोय की मीच काका. कसा आहे दिसायला, असं पलीकडून विचारलं. तिने फटीतून नीट पाहून सांगितलं, वयस्कर आहेत, चष्म्याला दोरी आहे, हातात पिवळे स्टिकर आहेत.

पलीकडे कुणी बोललं नाही. गाळ्यातला पंखा फिरत असल्याचा आवाज तेवढा येत होता. काका दाराकडे किंचित वाकले होते, अगदी फ्रिजच्या मागे कान लावताना वाकायचे तसे.

"नाही," मेहुणा म्हणाला. "मी ओळखत नाही. दार उघडू नका."

बाईने आमच्याकडे पाहिलं, सॉरी म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी बेल वाजवायला हात उचलला, तो काकांनी धरला. स्टिकरची चळत त्यांनी पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि आम्ही खाली उतरायला लागलो. तिथून पुढे ते कुठल्याही घरी गेले नाहीत.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते कठड्याला धरून थांबले. मला वाटलं धाप लागली.

"बोलायच्या आधी थांबला होता," ते म्हणाले. "ऐकलंत ना, मास्तरीणबाई? ओळखलं त्याने मला."